गुडघ्यासकट हर्षाली

हर्षाली काकडला उंचीवरून चिडवायला कुणी जाऊ नये. गेले ते सगळे पस्तावले आहेत. "वर हवा कशी आहे गं?" असं विचारलं की ती खरंच मान वर करते, डोळे मिटून एक मोठा श्वास घेते, "गार हाय, स्वेटर घालून या" म्हणते आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसते की विचारणाऱ्यालाच तिला सावरावं लागतं. पाच फूट अकरा इंचांची मुलगी हसता हसता कोसळायला लागली की धरायला दोन माणसं लागतात. मी पाच फूट एक. मी धरायला गेले की लोकांना वाटतं आमची कुस्ती चालली आहे.

खरं म्हणजे भांडण हे खातं माझ्याकडे आहे. मी शुभांगी, आमच्या क्लबची पॉइंट गार्ड. चेंडू पुढे न्यायचा आणि जाता जाता पंचांशी हुज्जत घालायची, ही माझी दोन कामं. हर्षाली सेंटर. बास्केटखाली उभं राहून वरच्या वर चेंडू काढायचा, हे तिचं काम, आणि ते ती समोरच्या मुलीची माफी मागत करते. "सॉरी हां, लागलं का गं?" असं म्हणत म्हणत तिने समोरचीच्या डोक्यावरून चेंडू उचललेला असतो. फ्री थ्रो घेताना तिला हमखास हसू फुटतं. मग समोरचा संघ हसतो, पंच हसतात, आणि त्या गडबडीत चेंडू जाळीतून खाली येतो. एवढ्या खेळीमेळीने समोरच्यांना हरवणारी दुसरी बाई नाशिक जिल्ह्यात नाही.

मखमलाबादला तिच्या घरचं फुलांचं वावर आहे. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी. उजाडायच्या आत उकिडवं बसून फुलं तोडायची, मग आई सुलाबाईंबरोबर टोपल्या घेऊन फुलबाजार गाठायचा आणि संध्याकाळी कोर्टवर यायचं, असा तिचा दिवस. बास्केटबॉलकडेही ती फुलांमुळेच आली. दसऱ्याला शाळेच्या गेटला तोरण बांधायचं होतं. शिपाई शिडी शोधायला गेला, आणि तो परत येईपर्यंत नववीतल्या हर्षालीने टाचा उचलून तोरण बांधून टाकलं होतं. खेळाच्या बाई गेटजवळच उभ्या होत्या. दिवाळीची सुट्टी संपली तशी त्यांनी तिच्या हातात चेंडू दिला.

आता लीगचं सांगते. इथे माझा आवाज जरा चढेल, तेवढं सहन करा.

आमच्याकडे द्राक्षनगरी महिला बास्केटबॉल लीग नावाची भानगड आहे. सहा आठवडे, चार संघ, चार मालक. कुणाचा द्राक्षांचा पॅकहाउस, कुणाची बांधकामं, कुणाची ट्रॅक्टरची एजन्सी, कुणाचा कांद्याचा व्यापार. पहिल्या वर्षी बिल्डरशेठनी सगळ्या उंच मुली एकट्यानेच विकत घेतल्या. त्यांचा संघ इतका जिंकायला लागला की फायनलच्या मध्यंतरात लोक मिसळ खायला गेले ते परत आलेच नाहीत. म्हणून दुसऱ्या वर्षी कॅप आली. खेळाडूंवर संघाने एवढाच खर्च करायचा, आणि एका खेळाडूला जास्तीत जास्त पंचवीस हजार, त्यापुढे रुपया नाही. मॅची चुरशीच्या होऊ लागल्या. कॅपला सगळ्यात आधी टाळ्या वाजवणारी मीच होते, हे मी आजही नाकारत नाही.

पण शेठ लोकांच्या हातात नियम दिला की तो वाढत्या अंगाचा होतो. खेळाडूसाठी जे जे काही लागेल ते सगळं म्हणे कॅपमध्ये धरायचं. केळी कॅपमध्ये. पाण्याच्या बाटल्या कॅपमध्ये. दुखऱ्या पायावर मारायचा स्प्रे कॅपमध्ये. आणि डीजे? बाहेर. ड्रोन? बाहेर. आम्ही कोर्टवर धावत येताना ज्या मशीनमधून पांढरा धूर सोडतात आणि ज्याच्यामुळे मला स्वतःचीच माणसं दिसत नाहीत, ते मशीनसुद्धा बाहेर! गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मिशीवाल्या डीजेकाकांना एका संध्याकाळचे जे मिळत होते, ते ऐकून मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. माझ्या घरच्यांनी ते दोन दिवस फार आनंदात काढले.

त्याच गेल्या वर्षी सेमीफायनलला आमची छाया पडली. छाया दोंदे, सिडकोतली, आमच्यातली सगळ्यात चपळ मुलगी. चेंडूसाठी उडी मारली, खाली येताना पाय वाकडा पडला आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटला. तिच्या संघाचे मालक कांद्याचे व्यापारी गोरक्षशेठ. माणूस वाईट नाही, हौशी आहे. त्यांनी दवाखान्यात भलाथोरला गुच्छ पाठवला आणि चौकात बॅनर लावला, 'छाया, लवकर बरी हो'. बॅनरवर छाया एवढीशी आणि शेठ गॉगल घालून एवढे मोठे. ऑपरेशनचा खर्च मात्र छायाच्या वडिलांनी केला. राहिलेल्या मॅचचे पैसे तिच्या मानधनातून कापले, कारण ती खेळली नाही. सुलाबाई हर्षालीला घेऊन तिला भेटायला गेल्या तर खाटेशेजारी तो गुच्छ. त्यांनी एक दांडी काढून पाहिली. "ही गुलछडी आपलीच हाय गं हर्षे," त्या म्हणाल्या. नंतर कळलं की त्या गुच्छाचा खर्चही संघाने खेळाडूंच्या कॅपमध्ये धरला होता.

घरी येऊन सुलाबाईंनी जाहीर केलं, "यंदा खेळायचं आसंल तर त्या शेठकडून चार माणसांत वदवून घे. गुडघा गेला तर आम्ही बघू, आसं त्याच्या तोंडून आलं पाह्यजे. नाय आलं तर बूट माळ्यावर टाक. गुडघ्याबिगर फुलं कशी तोडशील? उभ्यानं?"

त्यात चूक काय होतं? वावरात बसता येत नसेल तर त्या घरात काम होत नाही. पण हर्षाली चोवीस वर्षांची, अंगात खेळ नुसता उसळतोय, आणि एवढ्या एका गोष्टीवर सगळं अडलेलं. ती लीगच्या सेक्रेटरींकडे, नवनाथ सरांकडे गेली. सर म्हणाले, "औषधोपचार कॅपमध्ये धरावे लागतील. ते धरले की तुझी रक्कम पंचवीसच्या वर जाते. नियम म्हणजे नियम." बाहेर येऊन ती कोर्टच्या कडेला बसली. नवनाथ सरांची नक्कल करून तिने मला पोट दुखेपर्यंत हसवलं आणि त्याच दमात म्हणाली, "शुभे, मला खेळायचंय गं. लय खेळायचंय." मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी उगीचच रिकाम्या कोर्टवर चेंडू आपटत बसले.

खेळाडूंचा लिलाव एका रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर होता. लिलाव! शब्दच असा की माझं डोकं फिरतं, पण तोच शब्द पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापला होता. हर्षालीचं नाव आधीच दिलेलं होतं. जो शेठ बोली जिंकेल त्याला सगळ्यांसमोर गाठायचं, असं तिने ठरवलं होतं. सुलाबाई बाजारातून थेट आल्या, टोपलीसकट पहिल्या रांगेत बसल्या. तिसऱ्या रांगेत छाया, पाय समोरच्या खुर्चीवर लांब करून. पाठीमागे आमची नातीगोती, शेजारीपाजारी, मखमलाबादचे अर्धे फुलवाले आणि पिंपळगावकडून आलेले शेठ लोकांचे ओळखीचे शेतकरी.

आणि लिलाव पुकारायला मुंबईहून येणारा सूटबूटवाला अँकर कसारा घाटात अडकला. पुढे कंटेनर आडवा झाला होता. नवनाथ सरांना घाम फुटला. गोरक्षशेठनी फोन फिरवला आणि तासाभरात पिंपळगाव बसवंतहून धोंडीराम तात्या हजर झाले.

तात्यांची अख्खी हयात कांद्याचे लिलाव पुकारण्यात गेली आहे. डोक्यावर पांढरी टोपी, अंगाने काडी, आणि आवाज असा की त्यांनी माइक हातात घेतला आणि खाली ठेवून दिला, कारण तो लागणारच नव्हता. आम्हा मुलींकडे पाहून ते आधी लाजले. हात जोडून म्हणाले, "लेकींनो, मला कांद्याची सवय हाये. काय चुकलं माकलं तर पोटात घाला."

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. "बोला दहा, दहा, बारा कोण, बारा, पंधरा झाले, सोळा, सोळा, अरे बोला की शेठ, झोपले का!" त्या वेगात ट्रॅक्टरवाल्या शेठनी स्वतःच्याच बोलीवर दोनदा बोली लावली. "अठरा हजार क्विंटल!" असं तात्या गरजले, आणि जीभ चावून पाठ फिरवून उभे राहिले. लॉन्स हसून हसून आडवं झालं. हर्षालीने हसताना मला धरलं, मी खुर्चीला धरलं आणि खुर्ची मोडली.

पहिली मुलगी सटाण्याची तेजल. बोली अठरावर थांबली. तात्यांनी हात वर केला, आणि तसाच ठेवून सवयीने तिच्याकडे वळून विचारलं, "देणार का, ताई?"

बाजारात हे असंच चालतं. व्यापाऱ्याची बोली संपली म्हणून सौदा होत नाही. पुकारणारा ट्रॉलीवर बसलेल्या शेतकऱ्याला विचारतो. भाव पटला तर तो मान डोलावतो, नाही पटला तर ट्रॅक्टर माघारी घेतो, आणि त्यात कुणी कुणावर रुसत नाही. आमच्या लीगमध्ये आजवर खेळाडूला कुणी काही विचारलं नव्हतं. तेजल गोंधळली. "म्हंजे?"

"भाव पटला का? नसंल पटला तर सांग, दुसरा ट्रॅक्टर घेतो."

"देस, देस," तेजल लाजून म्हणाली. सटाण्याकडे 'देते'ला असंच म्हणतात. शेठ लोकांना वाटलं, तात्या गंमत करताहेत. नवनाथ सरांनीही हसून मान डोलावली. झालं! त्यांनी तिथेच तात्यांना थांबवायला हवं होतं. पाच मुलींना तात्यांनी पाच वेळा तसंच विचारलं, पाचही जणी 'देते' म्हणाल्या, आणि तोवर पिंपळगावच्या मंडळींना वाटायला लागलं की इथेही पद्धत हीच.

सहावी हर्षाली. ती स्टेजवर उभी राहिली तशी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ताई, पंख्याला डोकं लागंल!" बोली भराभर चढली आणि गोरक्षशेठ पंचवीसवर पोचले. "कॅप लागली! पंचवीस!" तात्यांनी हात उंच केला. "देणार का, ताई?"

हर्षालीने एकदा आईकडे पाहिलं. खांदे हलायला लागले, म्हणजे हसू येत होतं. मला माहीत आहे, ती फार घाबरली की तिला असंच होतं. आणि त्या हसण्यातूनच ती म्हणाली, "नाय देत."

"ट्रॅक्टर माघारी!" तात्यांनी सवयीने हात झाडला. "पुढचा!"

आणि हर्षाली खरोखर स्टेजवरून उतरायला लागली. गोरक्षशेठ ताडकन उठले. "अहो तात्या, कांदा आहे का हा?"

तात्या कानापर्यंत लाल झाले. "सवयीनं तोंडातून गेलं, शेठ. पण आता विचारून बसलोय आन ती नाय म्हणली. मी काय करू?"

"हर्षाली, अगं भाव कमी वाटतो का? माझी ना नाही, पण कॅप आहे!"

"भाव नका वाढवू, शेठ," हर्षाली पायरीवरूनच म्हणाली. "मला एवढंच सांगा. बाजारात वजन झालं की कांदा कुणाचा?"

"व्यापाऱ्याचा."

"मग तुमच्या खळ्यात सडला तर शेतकऱ्याला माघारी देता का?"

"नाही. तसं कसं देणार?"

"मग मला गुडघ्यासकट घ्या."

लॉन्सवर असा हशा उसळला की गेटवरचा वॉचमन आत धावत आला. नवनाथ सर माइककडे झेपावले. "कॅपमध्ये बसत नाही! उपचाराचा खर्च धरला तर..."

"डीजे बसतो का कॅपमध्ये?" हा आवाज माझा होता. मी त्या वेळी दुसऱ्या खुर्चीवर उभी होते. "धूर बसतो का? केळी आमच्या हिशेबात आणि धूर शेठच्या हौसेत, हे कुठलं न्यायाचं गणित?" कोपऱ्यात मिशीवाले डीजेकाका इतके दचकले की त्यांचं बोट चुकून भोंग्यावर पडलं आणि पॉं पॉं पॉं करून सगळं लॉन्स दणाणलं. ते काही केल्या थांबेना. शेवटी त्यांनी वायरच उपटली.

चारही शेठ एकत्र जमले. डोकी जवळ आणून कुजबुजले आणि गोरक्षशेठ पुढे आले. "ठीक आहे. हर्षालीला काही झालं तर उपचार संघाचे. सगळ्यांसमोर शब्द देतो. पण हिच्यापुरतंच, स्पेशल केस म्हणून."

सुलाबाईंनी मान डोलावली. चार माणसांत शब्द मिळाला होता, आणि चार कसले, तीनशे माणसांत. मी खुर्चीवरून उडीच मारली. झालं, पोरगी खेळणार! आता ती 'देते' म्हणणार आणि मी तिच्या गळ्यात, म्हणजे कमरेत, पडणार.

हर्षालीने तेजलकडे बोट केलं. "आन हिला?"

"मना बी गुडघा शे ना!" तेजल एकदम उसळून म्हणाली. आपल्याला गुडघा आहे हे तिला त्याच क्षणी आठवल्यासारखं. "मी बी नही देस!" तिच्या मागोमाग बाकीच्या चौघी उठल्या. आम्हीही नाही देत. अजून ज्यांचा पुकारा व्हायचा होता त्याही उठल्या. मी तर उभीच होते.

मागून पिंपळगावच्या एका आजोबांनी आरोळी ठोकली, "लिलाव बंद!"

आमच्या जिल्ह्यात हे दोन शब्द कुणाला शिकवावे लागत नाहीत. कांद्याचा भाव पडला की शेतकरी लिलाव बंद पाडतात, आणि त्यात प्रत्येकाला आपापलं काम पाठ असतं. बघता बघता चार जणांनी खुर्च्या नेऊन गेट अडवलं. सुलाबाईंनी आपली टोपली नेऊन बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी ठोकली. कुणीतरी चहा सांगितला. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे आता त्यांचाही आवाज बंद. शेठ लोकांचे चेहरे मात्र उतरले. असा बंद किती लांबतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाहुण्यांसाठी केलेल्या पुरणपोळ्या गार होत होत्या.

चहाची दुसरी फेरी सुरू असताना गोरक्षशेठ हात वर करून आले. "बरं बाई! सगळ्यांचे गुडघे. सगळ्यांचे घोटे, कोपर, काय असेल ते. कॅपच्या बाहेर. या वर्षापासून."

टाळ्या सुरू झाल्या. हर्षाली ओरडली, "मागच्या!"

टाळ्या थांबल्या. आईची अट पुरी होऊनही बराच वेळ झाला होता. तिला आता काही मागायची गरज नव्हती, आणि ताणलं तर हातातलंही जाणार होतं. मला तिचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की काय सांगू. "मागच्या वर्षापासून, शेठ," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

गोरक्षशेठनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. छाया पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. तिने पाय खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण तो पटकन वाकत नाही. शेठ ते पाहत राहिले. गेल्या वर्षी दवाखान्यात ते स्वतः गेले नव्हते, गुच्छ गेला होता. त्यांनी कपाळावरून हात फिरवला, डीजेकाकांकडे वळले आणि म्हणाले, "काका, माफ करा. यंदा तुमचं काम नाही. धुराचंही नाही." मग छायाकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "तुझे कापलेले पैसे आणि ऑपरेशनचे, मी स्वतः घरी घेऊन येतो."

"गुच्छ आणू नका पण," छाया म्हणाली. ती हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलंही नाही.

सुलाबाईंनी गेटातली टोपली उचलली. तात्यांनी टोपी डोक्यावर चढवली, घसा साफ केला आणि गरजले, "हर्षाली काकड, पंचवीस! गुडघ्यासकट!" आणि वडीलधारी म्हणून या वेळी ते सुलाबाईंकडे वळले. "देणार का, मावशी?"

"मला काय इचारतो?" सुलाबाई टोपलीतली फुलं नीट करत म्हणाल्या. "पाय तिचे हायेत."

तात्या वरमले आणि हर्षालीकडे वळले. हर्षालीला पुन्हा हसू फुटलं होतं. शब्द निघेना, तिने नुसती मान डोलावली.

"मान नको, ताई. तुझ्या तोंडानं बोल. आज लय भानगडी झाल्यात."

तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, दोनदा श्वास घेतला आणि सगळ्या लॉन्सला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देते. सहा आठवडे खेळायला देते. त्याच्यानंतर माझी मी."

तात्यांनी हात खाली आणला. "झाला सौदा," ते म्हणाले.